अण्णांना दिवस गेले

आमच्या अण्णांनी अंडी घातली, तेव्हा आई-बाबांना सांगलीहून टोकियोत येऊन जेमतेम चार तास झाले होते. आईच्या बॅगेतलं मेतकूट अजून बाहेर यायचं होतं. बाबा हातपाय धुऊन, नातीने दाखवलेल्या काचेच्या टाकीपुढे स्टूल टाकून बसले होते. तेवढ्यात त्यांनी हाक मारली, "अगं, इकडे ये. हे तुमचे अण्णा विडा बांधतायत."

आणि खरंच बांधत होते. पाण्यातल्या रोपाच्या एका कोवळ्या पानाला नाक लावून अण्णा उभे होते. पान हुंगलं, सोडलं, दुसरं हुंगलं. मंडईत कोथिंबिरीची जुडी पारखावी तसं. मग एक पसंत पडलं. अण्णा वळले, मागच्या दोन्ही पायांनी ते पान पोटाखाली ओढून घेतलं, मधोमध दुमडलं आणि पंजे आवळून स्तब्ध राहिले. चांगली तीन-चार मिनिटं. चेहऱ्यावर काहीही नाही. पाय सोडले तरी पान दुमडलेलंच राहिलं. चिऊने चिमट्याने ते हळूच उलगडलं. आत भिजलेल्या सब्जाचा एक दाणा होता. मध्ये तपकिरी ठिपका, भोवती पारदर्शक गर.

"अण्णांना दिवस गेले होते," मी म्हटलं.

आईने कानांवर हात ठेवले. कारण अण्णा हे बाबांचे सख्खे आजोबा. सांगलीच्या घरात माजघराच्या दारावर अण्णा आणि त्यांचे धाकटे भाऊ तात्या यांचे फोटो आहेत. व्हिडिओ कॉलवर ते बघून चिऊने डिसेंबरातच नावं पक्की केली होती. तोंड तेवढंच रुंद, तेवढंच मिटलेलं आणि घरातल्या सगळ्यांबद्दल तेवढंच नाराज. मला तरी नाव बदलायला कारण सापडेना.

प्राणी कोण, तर न्यूट. मराठीत याला नाव नाही, कारण महाराष्ट्रात हा प्राणीच नाही. भारतात भेटायचा तर दार्जिलिंगच्या बाजूला डोंगरातल्या डबक्यांवर जावं लागतं, आणि तिथे तो कायद्याने संरक्षित आहे. दिसतो पालीसारखा, पण नातं बेडकाशी. बोटापेक्षा जरा लांब, वरून डांबर, खालून कुंकू सांडल्यासारखा लाल. जपानीत इमोरी. पालीला म्हणतात यामोरी. इ म्हणजे विहीर, या म्हणजे घर आणि मोरी म्हणजे आपली मोरी नव्हे, तर राखणदार. विहीर एकाकडे, घर दुसरीकडे, अशी या लोकांनी कामं वाटून दिलीत. बाबा पाटबंधारे खात्यात ३४ वर्षं काढून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले. विहिरीचा राखणदार म्हटल्यावर ते खुर्चीत सरळ झाले. "म्हणजे आमच्याच खात्याचा माणूस."

अण्णा-तात्या आमच्याकडे आले ते चिऊच्या वर्गातल्या एका मुलाच्या घरून. त्यांची बदली सिंगापूरला झाली आणि मोठ्या टाकीतल्या गोतावळ्यातले दोन आमच्या वाट्याला आले. "दोघेही नर, काही त्रास नाही," असं त्या माणसाने तीनदा कमरेत वाकून सांगितलं होतं. एवढं वाकणाऱ्यावर अविश्वास कसा दाखवायचा?

आता एक नर नव्हता, हे पानात गुंडाळून समोर आलं होतं. बाबांनी लगेच पुस्तकं उघडायला लावली. इमोरीची मादी आदल्या शरद ऋतूतला ऐवज पोटात जपून ठेवते आणि वसंतात सवडीने अंडी घालते, एका हंगामात शंभरावर. प्रत्येक अंडं वेगळं, प्रत्येकाला वेगळं पान. इतक्या लाडाने बांधलेला विडा. पण पाठ वळली की अण्णांची आई म्हणून ड्यूटी संपते. संध्याकाळी टाकीत फेरफटका मारताना अण्णांना स्वतःच बांधलेला विडा सापडला, आणि तो त्यांनी खाल्ला. दुसरा तात्यांनी खाल्ला.

"असू दे, निम्मे त्यांना," आई म्हणाली. नैवेद्याचं पान बाजूला काढावं तशी चाळीस अंडी वेगळ्या पसरट डब्यात आली आणि आमच्या घरात पाटबंधारे खात्याची शाखा उघडली.

बाबांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून शंभर येनची वही आणली, उभ्या रेघा मारल्या आणि वर लिहिलं : पाणीसाठा, तापमान, आवक, विसर्ग, शेरा. नळाच्या पाण्यात क्लोरीन, म्हणून ते बादलीत दिवसभर उघडं ठेवायचं. आईने आयुष्यभर घरात शिळं पाणी राहू दिलं नाही. कळशी रोज सकाळी उपडी. तिला आता नातीसमोर "ताजं नको, शिळंच घाला" असं म्हणावं लागलं. पाच अंडी पांढरी पडली, त्यांच्यावर कापसासारखी बुरशी आली; ती बाबांनी 'गळती' या सदरात टाकली. बाकीच्यांत रोज काहीतरी घडत होतं, आणि गर पारदर्शक असल्याने ते सगळं आमच्यासमोर घडत होतं. ठिपका लांबला. मग वाकला. "आजी, स्वल्पविराम झाला!" चिऊ ओरडली. आणखी चार दिवसांनी स्वल्पविराम दचकू लागला.

मेच्या मध्याला पिल्लं बाहेर आली. सेंटिमीटरभर पारदर्शक काडी, दोन डोळे आणि मानेच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले. बाहेर लोंबणारे. आईने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "अगं बाई, मुंडावळ्या!" इतकं नेमकं वर्णन मी कुठल्याही पुस्तकात वाचलं नाही. एका डब्यात पस्तीस नवरदेव, आणि एकही बोहल्यावर चढायला तयार नाही. बुडाशी नुसते पडून. पहिले दोन-तीन दिवस पोटातल्या पिवळ्या बलकावर निघतात, खायला लागत नाही, असं सांगूनही आई दर तासाला डब्यापाशी जाऊन यायची. आमच्या घरात तीन दिवस न खाता पडून राहण्याची परवानगी आजवर कुणालाच मिळालेली नाही.

चौथ्या दिवसापासून मात्र गाठ पडली. उकडलेल्या अंड्याचा बलक चुरून दिला, बघितलं नाही. माशांचं महागडं खाद्य दिलं, त्यावर झोपले. बेडकाची पिल्लं शेवाळं चरतात, ही कट्टर मांसाहारी. आणि मांससुद्धा जिवंत, हलणारं हवं. जे हलत नाही ते यांच्या लेखी अन्नच नाही. ताटात वाढलेलं निमूट पडून राहिलं तर त्याला ते जेवण मानत नाहीत. आईसारख्या बाईला हे तत्त्वज्ञान पचणं अवघड होतं. तिने एका पिल्लासमोर तांदळाएवढा बलकाचा कण सुईच्या टोकावर धरून अर्धा तास हलवला. "काऊचा घास, चिऊचा घास" वगैरे झालं. शेवटी पिल्लाने घास घेतला, चव कळली, आणि थुंकला.

मग ब्राइन श्रिम्प आले. म्हणजे त्यांची अंडी आली, कॉफीच्या पुडीसारखी, छोट्या डबीत. मिठाच्या पाण्यात घालायची, बाटलीत हवेचे बुडबुडे सोडायचे, २८ अंशांच्या आसपास ऊब द्यायची; चोवीस तासांत त्यातून डोळ्याला जेमतेम दिसणारे नारिंगी जीव निघतात. मी पाण्याचं माप वाचत होते. आईने मीठ चिमटीनेच टाकलं, बोट बुडवून जिभेवर टेकवलं आणि म्हणाली, "आमटीपेक्षा जास्त, लोणच्यापेक्षा कमी. बरोबर?" मी काट्यावर तोललं. बरोबर होतं.

ते काम मग तिच्याकडेच गेलं, कारण तिच्या लेखी ते विरजण होतं. रात्री लावायचं, गारठा असेल तर बाटली टॉवेलात गुंडाळायची, सकाळी उठल्या उठल्या बघायचं. "आज लागले नाहीत गं नीट," असं ती दह्याच्या सुरात सांगायची. लागले की बाबा अंधार करून बाटलीला एका बाजूने टॉर्च लावायचे. हे जीव उजेडाकडे धावतात. नारिंगी ढग टॉर्चपाशी गोळा झाला की नळीने खाली घ्यायचा, कॉफीच्या फिल्टरमधून गाळायचा, खारट पाणी धुऊन टाकायचं आणि ड्रॉपरने घासाघासाने वाढायचं. दिवसातून दोनदा. पिल्लं मान वळवायची, थबकायची आणि गप्पकन गिळायची. दोन मिनिटांत काचेसारखं पोट नारिंगी. कोण जेवलं आणि कोण नाही हे पोट बघून कळतं! आईला हा जगातला सर्वांत उत्तम प्राणी वाटू लागला. "चिऊचं असं असतं तर?" ती एकदा स्वप्नाळू आवाजात म्हणाली.

आषाढी एकादशीला पेच आला. ही उपाशी, भगर चढवलेली, आणि सकाळी सकाळी हजारभर जीव गाळण्यात. तिने देवाकडे बघितलं, डब्याकडे बघितलं आणि ड्रॉपर उचलला. "त्यांना नसते एकादशी," म्हणाली. विठ्ठलाने हरकत घेतली नाही.

त्याच्या आधी जूनमध्ये हाणामारी झाली होती. बेडकाला आधी मागचे पाय फुटतात, यांना आधी पुढचे. काडीपेटीतल्या काडीसारखे दोन हात आले आणि त्यांची पहिली हालचाल शेजाऱ्याच्या लक्षात आली. जे हलतं ते अन्न, हा नियम भावालाही लागू होता. सकाळी बघावं तर कुणाचा पंजा नाही, कुणाच्या शेपटीचं टोक नाही, आणि एकाची डावीकडची मुंडावळी गायब. चिऊ रडली. मग बाबांनी प्रत्येकाला स्वतंत्र घर दिलं. आईने आल्यापासून जमवलेले टोफूचे, पुडिंगचे, दह्याचे रिकामे डबे कामी आले (आई टोकियोत आली तरी डबे टाकत नाही, हे मी हसण्यावारी नेलं होतं). तेव्हा बावीसच उरले होते. प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी : चारी क्र. १ ते २२. सातव्या चारीतला पायाने अधू.

तो अधू राहिला नाही. दोन आठवड्यांनी तुटल्या जागी कोंब आला, मग त्याला बोटं फुटली. आमचे बाबा ह्या बाबतीत हळवे आहेत, कारण फेब्रुवारीत त्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता आणि त्या लेन्सची किंमत ते अजून तोंडपाठ सांगतात. मी त्यांना २०११ साली छापून आलेला प्रयोग वाचून दाखवला. जपानचे गोरो एगुची आणि अमेरिकेतले पानायोटिस त्सोनिस यांनी याच जातीच्या न्यूटच्या डोळ्यातलं भिंग काढलं. बुबुळाच्या रंगीत पडद्यातल्या पेशींपासून नवं आलं. ते काढलं, पुन्हा आलं. असं १६ वर्षांत १८ वेळा. प्राणी तोवर तिशीचे झाले होते आणि अठरावं भिंग तरण्या न्यूटच्या भिंगाइतकंच स्वच्छ होतं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग डब्यात वाकून सात नंबरला म्हणाले, "अठरा! आणि मला एका डोळ्याला दहा दिवस डोकं धुऊ दिलं नव्हतं."

तेव्हापासून त्यांचं वाचन वाढलं. रोज जेवताना एक बातमी. १९९४ साली जपानच्या पहिल्या महिला अंतराळवीर चिआकी मुकाई कोलंबिया यानातून गेल्या, तेव्हा सोबत हे लाल पोटवाले गेले होते आणि वर जाऊन त्यांनी अंडी घातली. ("मग इथे बावीस अंशांना कसले नखरे?") यांच्या कातडीत विष असतं, तेही फुगू माशातलंच, डिवचलं तर अंग वाकवून लाल पोट दाखवतात. आईला हे फार आवडलं, कारण "हात धुतलेस का?" या तिच्या जन्मभरच्या प्रश्नाला आता शास्त्राधार मिळाला होता. एदो काळात नर-मादी जाळून त्यांची राख वशीकरणाला वापरत, ही बातमी मात्र तिने पोळीबरोबर गिळली नाही. "लिंबू मिळत नसेल इकडे," एवढंच म्हणाली.

सगळ्यात गोड बातमी नराची होती. नर मादीसमोर उभा राहून शेपटी वाकवतो आणि हलवत राहतो. उदबत्ती ओवाळावी तसा पाण्यातून आपला वास तिच्या नाकाकडे लोटतो. तो वास ज्या द्रव्याचा, ते जपानी शास्त्रज्ञांनी १९९५ साली शोधून काढलं आणि नाव ठेवलं सोडेफ्रिन. सोदे म्हणजे बाही. हजार वर्षांहून जुन्या 'मानयोशू' या काव्यसंग्रहात नुकाता नावाच्या राजस्त्रीची एक कविता आहे, तिच्यात प्रियकर बाही हलवून खूण करतो. त्यावरून ते नाव. रसायनाला कवितेवरून नाव ठेवणाऱ्या माणसांबद्दल मला एकदम माया वाटली. आपल्याकडे सापडलं असतं तर पदरीन झालं असतं. आम्ही त्या रात्री जेवणं उरकून तात्यांसमोर बसलो. हंगामात नराची शेपटी निळसर जांभळी होते म्हणे. तात्यांची डांबरीच होती. ओवाळणंही नाही, कोपऱ्यात पोट टेकून भिंतीकडे बघत बसलेले. "वय झालं," बाबा म्हणाले. "आणि चारचौघांत कोण ओवाळेल?" हे सगळ्यांना पटलं.

जुलैत टोकियो तापलं. इमोरीला पंचविशीच्या पुढचं पाणी सोसत नाही. बाबांनी टाकीला ओलं फडकं गुंडाळून वरून छोटा पंखा सोडला. माठाचंच शास्त्र, दमट हवेतही दोन अंश खाली आले. आणि त्याच दिवसांत चारी क्र. ३ च्या मुंडावळ्या आखडल्या. रोज थोड्या, मग एका सकाळी नाहीतच. अंग काळवंडलं, शेपटीचा पडदा गेला, आणि ज्याचा जन्म पाण्यात गेला तो पाण्याला भिऊन काठावर चढून बसला. हे इतकं अचानक होतं की आधार ठेवला नाही तर पाण्यातलं पोर पाण्यात बुडून मरतं. पुढची दोन-तीन वर्षं ते जमिनीवरच राहणार. डबे एकेक करून रिकामे होऊ लागले, ओल्या शेवाळाची पेटी आली.

पेटीला झाकण होतं. झाकणाला फट होती. ओलं पोट काचेला चिकटवून हे भिंत चढतात, हे चौदा नंबर गेल्यावर कळलं. बाबांनी पंचनामा केला ("सांडव्याची उंची अपुरी"), आम्ही चौघं दोन तास जमिनीवर रांगलो. तो न्हाणीघराच्या दारातल्या ओल्या पायपुसण्याच्या घडीत निघाला, आंघोळ करून आल्यासारखा. आईचं त्या पायपुसण्यावर त्या दिवशी दोनदा पाऊल पडलं होतं. हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.

पण खरा प्रश्न पुन्हा पोटाचाच होता. जमिनीवर आल्यावर नारिंगी ढग बंद. आता काय? बाबांनी पुस्तकातून मान वर केली. "यांना मावा लागतो."

आईचा चेहरा उजळला. "मग त्यात काय एवढं? त्या आपल्या भारतीय दुकानात मिळतो, फ्रीजरमध्ये. मी बघितलाय." निशिकासाईत आपल्या माणसांची वस्ती मोठी, तिथे खवा-मावा सगळं मिळतं, हे खरंच आहे. पिकावरचा मावा, असा खुलासा झाल्यावर ती म्हणाली, "शी! कोबीवरचा? तो तर आपण धुऊन काढतो."

तो मिळवायला मी गेले. तळमजल्यावरच्या आजींच्या दारात गुलाबाच्या कुंड्या आहेत. पिकावरच्या माव्याला जपानीत आबुरामुशी म्हणतात, एवढा शब्द पाठ करून मी बेल वाजवली आणि जमेल तितक्या अदबीने विचारलं, "माफ करा, आपल्या घरी आबुरामुशी आहेत का? असतील तर थोडे मिळतील का? आमच्या पोरांना खायला हवेत."

आजी एक पाऊल मागे गेल्या. आजी मूळच्या ओसाकाकडच्या. त्यांच्या लहानपणी त्या बाजूला आबुरामुशी म्हणजे झुरळ. दारात उभी असलेली परदेशी बाई, त्यांच्या स्वच्छ घरात झुरळं आहेत का हे विचारत होती, वर पोरांना जेवायला मागत होती. त्यांनी चिऊकडे बघितलं. त्या नजरेतली कणव मला जन्मभर पुरेल. मी हातवारे केले, गुलाबाकडे बोट दाखवलं, शेवटी फोनवर सात नंबरचा फोटो दाखवला. त्यानंतर आजी अशा हसल्या की त्यांना दाराची चौकट धरावी लागली. आता त्यांनी गुलाबाला औषध मारणं सोडलंय. दर शुक्रवारी आमच्या दाराला कागदात गुंडाळलेली एक डहाळी अडकवलेली असते, माव्यासकट, आणि बाहेर सुबक रिबीन.

आई-बाबांचा व्हिसा नव्वद दिवसांचा होता. निघायच्या दिवशी, तोवर उरलेल्या सतरातले तिघंच जमिनीवर आले होते. बाबांनी वही माझ्या हवाली केली, प्रभार हस्तांतर म्हणून तारीख टाकून सही घेतली. पुढचे काही आठवडे रोज फोन. तिकडे कृष्णा चढत होती. "आयर्विन पुलाला बत्तीस फूट," बाबा सांगायचे. "तुझ्याकडे?" मी टाकीचं तापमान सांगायचे. मग दोघंही आपापल्या पाण्याची काळजी करत फोन ठेवायचो. बहुतेक पोरं चिऊच्या वर्गात वाटली गेली. सहा आमच्याकडे राहिली. सात नंबर अजूनही जेवणाला कुरकुर करतो. रात्री अकराला मी लाकडी काडीच्या टोकाला अळी अडकवून त्याच्यासमोर हलवत बसते आणि नवरा विचारतो की मला कुणी शेवटचं असं कधी भरवलं होतं.

एप्रिल आला. परवा सकाळी दूध तापत ठेवून टाकीकडे सहज बघितलं. पानाशी नाक लावून कुणीतरी उभं होतं. हुंगलं, सोडलं, दुसरं हुंगलं. मग वळून मागच्या पायांनी पान पोटाखाली ओढून घेतलं. अण्णा पलीकडे दगडावर पसरले होते.

मी सांगलीला फोन लावला. "बाबा, तात्या विडा बांधतायत."

पलीकडे बराच वेळ नुसतं पंख्याचं घरघरणं. मग बाबा म्हणाले, "वहीत पान तीन, रकाना चार. दुरुस्ती कर आणि बाजूला सही कर."

"पण मग ह्या सगळ्या पोरांचे वडील कोण?"

फोन आईने घेतला. "आधीच्या घरचं असेल काही. आपण कशाला विचारायचं?" आणि मग लगेच, "श्रिम्पची डबी आहे ना गं शिल्लक?"